तळहातावरचा वाटाड्या : कोणते यंत्र घ्यावे, कोणता नकाशा ठेवावा

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये रस्त्यावर पोट असलेली घरे पुष्कळ आहेत. कोणी नेरळला रिक्षा चालवतो, कोणी खोपोलीच्या कारखान्यांचा माल टेम्पोने पोचवतो, कोणी मोटारसायकलवरून फार्महाऊसवर सामान टाकून येतो. ही फार्महाऊसे आडरानात, पाट्या नसलेल्या रस्त्यांवर. पत्ता सापडला नाही तर गिऱ्हाईक चिडते, खेप वाया जाते आणि पेट्रोल आपल्या खिशातून जाते. म्हणून हल्ली तरुण मुले विचारतात, रस्ता दाखवणारे यंत्र घ्यायचे आहे, कोणते घेऊ?

उत्तर आधीच सांगून टाकतो. शंभरातल्या नव्वद घरांनी काहीच विकत घेऊ नये. जे हवे ते बहुधा तुमच्या खिशात आहे, नाहीतर कपाटात जुना मोबाईल म्हणून पडून आहे. पैसा खर्च न करता थोडे डोके मात्र खर्च करावे लागते, आणि ते कुठे करायचे हे सांगण्यासाठीच हा लेख.

पूर्वी हे काम महागडे होते. २००० नंतरच्या पाच-सात वर्षांत ज्याला असे साधन हवे असे, त्याला आधी तळहातावर मावणारा संगणक घ्यावा लागे. त्याच्या खाचेत बसणारे किंवा ब्लूटूथने जोडायचे जीपीएसचे यंत्र वेगळे, रस्ता सांगणारी प्रणाली वेगळी आणि नकाशाही वेगळा विकत घ्यावा लागे. आपल्याकडे मॅपमायइंडिया आणि हैदराबादची सॅटगाईड असे नकाशे निघाले, पण ते मोटारवाल्यांसाठी. कष्टकरी माणसाने त्याकडे काचेतूनच पाहिले. आज हे चारही भाग एका साध्या मोबाईलमध्ये आले आहेत. तरी निवड करताना ते चार भाग मनात वेगळे ठेवावेत : संकेत घेणारा भाग, पडदा आणि बॅटरी, रस्ता सांगणारे अॅप, आणि नकाशा. दुकानदार पहिल्या दोहोंविषयी बोलतो. अडते ते शेवटच्या दोहोंपाशी.

नेट नाही म्हणून जीपीएस नाही, हा गैरसमज

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह व्यवस्था. ती १९९५ मध्ये पूर्ण झाली. तीसच्या आसपास उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत सतत एकच गोष्ट सांगत असतात : मी कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजले. आपला मोबाईल ते फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. संकेत पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर निघते आणि निदान चार उपग्रहांचे अंतर कळले की आपली जागा ठरते. यासाठी सिमकार्ड लागत नाही, रिचार्ज लागत नाही, टॉवर लागत नाही. सामान्य लोकांना मिळणारा संकेत अमेरिका पूर्वी मुद्दाम बिघडवून देत असे आणि शंभर मीटरपर्यंत चूक होई. मे २००० मध्ये तो बिघाड काढून टाकला. आता उघड्या मैदानात साधा मोबाईलही पाच-दहा मीटरच्या आत जागा सांगतो.

मग डोंगरपट्ट्यात मोबाईल "रस्ता मिळत नाही" का म्हणतो? कारण त्याला जागा कळलेली असते, पण त्या जागेचा नकाशा तो दर वेळी नेटवरून मागवत असतो. नेट गेले की पडद्यावर निळा ठिपका दिसतो आणि भोवती कोरी पाटी. नकाशा घरी असतानाच मोबाईलमध्ये उतरवून ठेवला असेल तर काही अडत नाही. नेट नसल्यावर पहिल्यांदा जागा लागायला थोडा वेळ लागतो एवढेच. मिनिट-दोन मिनिटे उघड्यावर उभे राहावे, चालू गाडीत घाई करू नये.

दुकानात मोबाईल घेताना, किंवा जुना तपासताना, जीपीएसटेस्ट नावाचे फुकट अॅप घालून मैदानात उभे राहावे. कोणकोणत्या देशांचे किती उपग्रह ऐकू येतात ते झेंड्यांसकट दिसते : अमेरिकेचे, रशियाचे, युरोपचे, चीनचे आणि आपल्या इस्रोचे. इस्रोने १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह सोडला आणि एप्रिल २०१६ मध्ये सातवा गेल्यावर या व्यवस्थेचे नाव 'नाविक' ठेवले. २०२० पासून नाविक ऐकणारे मोबाईल बाजारात आहेत. अभिमान जरूर बाळगावा, पण नाविकसाठी जास्त पैसे मोजू नयेत. त्यातल्या अनेक उपग्रहांवरची अणुघड्याळे बिघडली आहेत आणि एकट्या नाविकवर आज विसंबता येत नाही. त्यापेक्षा दोन लहरींवर ऐकणारा मोबाईल मिळाला तर पाहावा. अॅपमध्ये एकाच उपग्रहापुढे एल-१ आणि एल-५ असे दोन्ही दिसले की समजावे. घाटात, कड्यावर आपटून आलेला संकेत खोटे अंतर सांगतो. तो ओळखायला ही दुसरी लहर उपयोगी पडते. पावसाने संकेत फारसा अडत नाही. ओल्या पानांचे दाट रान आणि उभा कडा मात्र अडवतात, आणि माडपसारख्या बोगद्यात तर काहीच ऐकू येत नाही.

आणखी एक तपासणी. कमी किमतीच्या काही मोबाईलमध्ये होकायंत्र नसते. असा मोबाईल तुम्ही चालत असताना दिशा सांगतो, उभे राहिलात की तोंड कुठे आहे ते त्याला कळत नाही. गाडीवाल्याला चालेल, रानात चालणाऱ्याला नाही.

गार्मिनच्या ईट्रेक्ससारखी फक्त याच कामाची यंत्रेही मिळतात. ती पाण्यात भिजली, हातातून पडली तरी चालतात आणि साध्या दोन सेलवर वीस तासांच्या वर टिकतात. बचाव पथकाला, रानात रोज जाणाऱ्याला ती योग्य. घरासाठी नको. मात्र एक इशारा. आखातातून येणारा पाहुणा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र भेट म्हणून आणील तर घेऊ नये. इरिडियम किंवा थुराया उपग्रहांशी बोलणारी यंत्रे परवान्याशिवाय बाळगणे आपल्या देशात गुन्हा आहे, आणि विमानतळावर माणसे पकडली गेली आहेत. नुसते ऐकणाऱ्या जीपीएसला असा अडथळा नाही.

अॅप कोणते?

एक नव्हे, दोन ठेवावीत. गूगल मॅप्स बहुतेकांकडे आहेच. दुकाने, पंप, वाहतुकीची कोंडी यांत त्याचा हात धरणारे दुसरे नाही. त्यात आपल्या तालुक्याचा भाग निवडून उतरवता येतो, पण तो काही काळाने पुन्हा ताजा करावा लागतो. शिवाय नेट नसताना ते गाडीचा रस्ता सांगते, पायवाटेने चालायचा सांगत नाही. म्हणून सोबत ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड यांपैकी एक ठेवावे. ही दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशावर चालतात. लंडनमध्ये २००४ साली सुरू झालेले हे काम आज जगभरचे हौशी लोक करतात. महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवला की वाटा, ओढे, डोंगर नेटशिवाय दिसतात. ऑरगॅनिक मॅप्स सोपे, आई-वडिलांनाही जमेल असे. ऑस्मअँडमध्ये बटणे फार, पण चाललेली वाट नोंदवून ठेवायची सोय चांगली. मॅपमायइंडियाचे मॅपल्स हे देशी अॅपही वापरून पाहण्यासारखे आहे.

अॅप कोणतेही असो, त्याला आपले वाहन सांगितल्याशिवाय निघू नये. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे. अॅप मोटारीवर ठेवले आणि तुम्ही मोटारसायकलवर असलात, तर ते बिनदिक्कत शेडुंगला किंवा खालापूरला तुम्हाला त्या मार्गावर चढवील. दंड तर आहेच, पण शंभरच्या वेगाने येणाऱ्या मोटारींमध्ये जीव जातो. गूगलमध्ये २०१७ पासून भारतासाठी दुचाकीची खूण आहे, ती निवडावी. रिक्षा-टेम्पोवाल्यांनी निघण्यापूर्वी सगळा रस्ता बोट फिरवून एकदा पाहून घ्यावा. बोरघाटात जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग इतके जवळजवळ येतात की आपण कोणत्या रस्त्यावर आहोत याचा मोबाईलचाही गोंधळ उडतो. तिथे पाटी वाचावी, यंत्राचे ऐकू नये.

मोबाईल हातात धरून गाडी चालवू नये. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत वाट पाहण्यापुरता मोबाईल वापरायला मुभा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच. हँडलला किंवा काचेजवळ पकड बसवावी आणि आवाज चालू ठेवावा. खर्च करायचा तर या पकडीवर, चांगल्या केबलवर आणि पॉवरबँकेवर करावा.

नावांचा घोळ ही वेगळीच गंमत आहे. कर्जत म्हटले की अॅपपुढे दोन तालुके उभे राहतात, एक आपला रायगडचा आणि दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यातला. रस्त्याने दोघांत दोनशेहून अधिक किलोमीटर. कळंब आपल्याकडे आहे, धाराशिवातही आहे, यवतमाळातही आहे. वडगावांची तर गणतीच नको. खालापूरचे चौक गाव शोधायला जावे तर राज्यातले सगळे चौक हजर होतात. गावासोबत तालुका आणि जिल्हा लिहावा आणि "निघा" दाबण्यापूर्वी किलोमीटरचा आकडा पाहावा. आकडा पटत नसेल तर गाव चुकले आहे. २० मार्चला कर्जतहून महाडला चवदार तळ्यावर जाणारी मंडळी खोपोली, पाली, वाकण, कोलाड, माणगाव अशी जातात. अशी चार ठिकाणे वाटेतले थांबे म्हणून आधी घालून ठेवली तर अॅप भलत्या आडवाटेने नेत नाही.

कोंडाण्याची लेणी आणि परतीची वाट

सहकुटुंब जाण्याजोगे आपल्या तालुक्यातले सर्वांत मोलाचे ठिकाण म्हणजे कोंडाणे लेणी. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास भिक्खूंसाठी कोरलेला हा संघाराम. चैत्यगृह आहे, विहार आहेत, आणि दर्शनी भागात एका शिल्पाजवळ ब्राह्मी अक्षरांत लिहिले आहे की कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव आपल्याला आज वाचता येते. मुलांना हे दाखवायलाच हवे. कोंडिवडे गावापासून पुढे रानातून चालत जावे लागते.

वाट चुकते ती इथे, आणि बहुधा परतताना. जाताना सगळे उत्साहात असतात. येताना ऊन उतरलेले, मुले दमलेली, आणि गुरांच्या वाटा चारी दिशांना फुटलेल्या. नकाशात पायवाट असली तरी ती कोणी, कोणत्या ऋतूत नोंदवली कोण जाणे. म्हणून आपलीच वाट नोंदवावी. कोंडिवड्याहून निघताना ऑस्मअँडमध्ये नोंद चालू करावी, मोबाईल खिशात ठेवावा आणि बोलत-बघत वर जावे. परतताना पडद्यावरची आपलीच रेघ धरून उतरावे. मोबाईल एकाच्याच हातात न ठेवता दोघांकडे असावा. नेट नाहीच तर मोबाईल विमानाच्या खुणेवर ठेवला म्हणजे बॅटरी वाचते, आणि मग जीपीएस चालू आहे ना एवढे पाहावे. पावसाळ्यात जाऊ नये. ओढ्याला किती पाणी आहे हे कोणतेच अॅप सांगत नाही.

अडचण आलीच तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावून अंक सांगता आले पाहिजेत. नकाशावर आपल्या जागेवर बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांश दिसतात. कर्जत शहर साधारण १८.९१ उत्तर आणि ७३.३२ पूर्व असे आहे. पण दशांशानंतर दोनच अंक सांगितले तर किलोमीटरभराचा फरक पडतो. चार अंक सांगितले तर दहा-अकरा मीटरच्या आत माणूस सापडतो. व्हॉट्सअॅप जात नसेल तिथे साधा एसएमएस पुष्कळदा जातो. मुलगी रात्रीच्या लोकलने कर्जतला उतरणार असेल तर व्हॉट्सअॅपवरून पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास आपली चालती जागा घरी दाखवता येते. ते तिने तिच्या मर्जीने चालू करावे. घरच्यांनी त्याचा पहारा करू नये.

यंत्राची ताकद कुठे संपते हेही याच भागाने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. ठाकर बांधवांच्या त्या वाडीची जागा सगळ्यांना ठाऊक होती, पण वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. जवान आणि गावकरी अंधारात, पावसात चढून गेले. जिथे रस्ताच केलेला नाही तिथे रस्ता दाखवणारे यंत्र काय दाखवणार?

जमिनीच्या कामाला मोबाईल नको

कर्जत-खालापुरात जमिनीला सोन्याचा भाव आला आणि दलाल मोबाईलवर रेघा ओढून "ही बघा तुमची हद्द" म्हणू लागले. साधा हिशेब करावा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे जेमतेम दहा मीटर. मोबाईलची चूक पाच मीटरची. अर्धा गुंठा तिथेच गेला. भूमी अभिलेख खात्याचे मोजणीदार रोव्हर नावाचे वेगळे यंत्र वापरतात, त्याची चूक सेंटिमीटरांत असते आणि कायदा त्याच मोजणीला मानतो. मोजणीची क प्रत आणि सातबारा हातात आल्याशिवाय कुठेही अंगठा किंवा सही देऊ नये. जमीन जुनी वतनाची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही, हेही दलाल सांगत नाही.

वतनाचा विषय निघाला म्हणून थोडे सांगतो, कारण तो या लेखाला लागून आहे. गावाच्या शिवा कुठून कुठे जातात हे पूर्वी कोणाला पाठ असे? आपल्या आज्या-पणज्यांना. शिवेचा तंटा पडला की साक्ष त्यांची. सरकारी अंमलदार आला की त्याचे ओझे डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत वाट दाखवायला जायचे तेही त्यांनीच, रात्री-अपरात्री, मजुरीच्या नावाने मूठभर बलुत्यावर. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या वेठीविरुद्ध. वतने पुढे १९५८ च्या कायद्याने गेली. ज्यांना सारा मुलूख पाठ होता त्यांची स्वतःची वस्ती मात्र नकाशात "गावाबाहेर" एवढीच राहिली.

आजच्या नकाशातही पाहा. मोबाईल उघडून आपली वस्ती शोधा. गावातले देऊळ, शाळा, रिसॉर्ट सापडेल. आपले विहार आहे का? वस्तीकडे जाणारा रस्ता रेघेने जोडलेला आहे का, की गावाच्या वेशीपाशीच रेघ संपते? रुग्णवाहिकेचा परका चालक त्या रेघेवर येतो. रेघ जिथे संपते तिथे तो थांबतो आणि फोन करतो.

हे दुरुस्त करायला कोणाच्या कचेरीत अर्ज लागत नाही. गूगलमध्ये राहिलेले ठिकाण जोडण्याची आणि चूक सुचवण्याची सोय आहे, ते तपासून घेतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये फुकट खाते उघडून विहार, विहीर, समाजमंदिर, अंगणवाडी, पायवाट स्वतः भरता येते. ऑरगॅनिक मॅप्समधून मोबाईलवरच ठिकाण जोडता येते. दहावी-बारावीची दोन मुले आणि वस्तीची माहिती असलेली एक आजी एवढे एका रविवारी पुरे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सगळे जमतातच, त्या दिवशी हे काम ठेवता येईल. लोकांची नावे, फोन, घरातल्या गोष्टी मात्र नकाशात घालू नयेत.

नाव कोणते घालायचे? राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यायचा निर्णय घेतला. नकाशात अजून जुने जातीचे नाव दिसत असेल तर ते बदलायला सुचवावे. 'बौद्धवाडी' या नावाविषयी मात्र मला निराळे वाटते. ते गावकीने कपाळावर मारलेले नाव नाही, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण स्वतः घेतलेले आहे. ठेवायचे की बदलायचे हे वस्तीने बैठकीत ठरवावे आणि मग सगळ्यांनी एकच नाव भरावे. एकाने एक, दुसऱ्याने दुसरे भरले तर टपालवालाही गोंधळेल.

टपालाचे म्हणाल तर मे २०२५ मध्ये डाक विभागाने डिजिपिन आणला आहे. देशाची जमीन सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण दिली आहे. घराला क्रमांक नसला, गल्लीला नाव नसले तरी ही खूण असते. डाक विभागाच्या संकेतस्थळावर मोबाईलची जागा दिली की ती मिळते, पैसे लागत नाहीत. पिनकोड त्यामुळे रद्द होत नाही, दोन्ही लिहावेत. विहाराच्या फलकावर वस्तीचे नाव, गाव, तालुका, डिजिपिन आणि अक्षांश-रेखांश रंगवून घ्यावेत, म्हणजे घाबरलेल्या माणसालाही ते फोनवर वाचून दाखवता येतील. १०८ ला फोन लागला की आधी तालुका, गाव आणि जवळची ठळक खूण सांगावी, अंक त्यानंतर. अक्षरे मोठी काढावीत आणि फलकावर एक दिवा लावावा.